वेचून काढलेले श्वास

इवाच्या पाळण्याच्या दोरीला लावलेला श्वासकान हिरव्याचा पिवळा झाला, तेव्हा केझिया उकळत्या पाण्यातून दुधाची बाटली चिमट्याने बाहेर काढत होती. शर्टाच्या बटणाएवढं ते यंत्र कधी आवाज करत नसे. नुसता रंग बदले, आणि फोनवर एक ओळ येई. आज ओळ आली होती: उजवी नाकपुडी चोंदली आहे, छाती स्वच्छ आहे, मिठाच्या पाण्याचे दोन थेंब पुरेत. केझियाने थेंब घातले. इवा चिडली, शिंकली, आईच्या गळ्यात पडून थोडं रडली आणि बटण पुन्हा हिरवं झालं.

वर्षभरापूर्वी हे यंत्र बाजारात आलं तेव्हा नगरमध्ये बऱ्याच जणांनी त्याला हसून घेतलं होतं. आता ते अंगणवाडीच्या भिंतीवर होतं, म्हाताऱ्यांच्या उशाशी होतं, रिक्षावाल्यांच्या खिशाला होतं. त्यामागचं तत्त्व साधंच होतं. हवा आत जाताना श्वासनळीच्या भिंतींना घासते. नळी कुठे अरुंद झाली, कुठे पाणी साचलं, की त्या घासण्याचा आवाज बदलतो. तो बदल माणसाच्या कानाला सहसा लागत नाही, पण लाखो रुग्णांचे श्वास ऐकून शिकलेल्या यंत्राला लागतो. दोन महिन्यांपूर्वी इवाला न्यूमोनिया होता होता राहिला तो या बटणामुळेच. तेव्हापासून केझिया आंघोळीला गेली तरी आधी बटणाकडे बघून जायची.

तिने बटण काढून इवाच्या झबल्याला टाचलं, पिशवीत लंगोट, खुळखुळा आणि बिस्किटाचा पुडा कोंबला आणि रिक्षा केली. साडेदहाला चर्चमागच्या संडेस्कूलच्या खोलीत ‘ओसरी’चा सराव होता.

‘ओसरी’ म्हणजे चार बायका आणि चार गळे. पेटी नाही, गिटार नाही. वरचा सूर ज्योत्स्नाताई भांबळ यांचा, मधले दोन रिबेका आणि लिडिया या बहिणींचे, खालचा केझियाचा. रेकॉर्डिंगचं आणि संपादनाचं कामही केझियाच करायची. चौघी याच चर्चच्या क्वायरमध्ये वाढल्या होत्या आणि चौघींना गाणं शिकवलं होतं मर्सी त्रिभुवन यांनी.

मर्सीमावशी मिशनच्या दवाखान्यात कपडे धुण्याच्या विभागात नोकरीला होत्या. मायदेशी परतताना एक अमेरिकन नर्स रेकॉर्डांचं खोकं मागे ठेवून गेली, त्यातून त्यांनी सोल नावाची गायकी कानांनी उचलली आणि मराठी भजनांत आणली. सुरुवातीला चर्चमधली वडीलधारी मंडळी म्हणाली, भजनात हे कण्हणं कशाला. पुढे तीच मंडळी नातवंडांना त्यांची गाणी डोळे मिटून ऐकवू लागली. सोल म्हणजे काय असं कुणी विचारलं की मावशी म्हणत, “शब्द तोंडातनं येऊ दे, वजन पोटातनं येऊ दे.”

‘ओसरी’चा नवा अल्बम त्यांच्या आठवणीचा होता. नऊ गाणी, सगळी मावशींच्या शेवटच्या अल्बममधली, त्याच क्रमाने. आठ या चौघी गाणार होत्या. नवव्यात चौघींबरोबर मावशी स्वतः गाणार होत्या. त्यांना जाऊन अकरा महिने झाले होते.

हे शक्य झालं होतं ‘कंठसाचा’ नावाच्या संगणक-प्रणालीमुळे. गेलेल्या गायकांचे आवाज पूर्वीही नक्कल करून वापरले जात, पण ते दुकानातल्या पुतळ्याला साडी नेसवावी तसे वाटत. नीटनेटके, पण आत कुणी नाही. कंठसाचा आवाजाची नक्कल करत नसे. जुन्या रेकॉर्डिंगवरून तो गायकाचं शरीर बांधायचा: टाळू, स्वरयंत्र, श्वासनळी, फुप्फुसं. मग त्या शरीरात हवा भरून त्याला गायला लावायचा. त्यामुळे त्याला सूर जेवढे लागत तेवढेच श्वासही लागत. आणि मर्सीमावशींच्या कुठल्याच अल्बममध्ये श्वास नव्हते.

ही रेकॉर्डिंगच्या धंद्यातली जुनी रीत. दोन ओळींच्या मधे गायक श्वास घेतो. माइक तोंडापासून चार बोटांवर असतो, त्यामुळे तो श्वास वाऱ्याच्या झोतासारखा रेकॉर्ड होतो. संपादन करणारा तो कापून टाकतो. क्वायरमध्येही चौघींना लहानपणापासून हेच शिकवलेलं: लांब सूर धरला की सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, पाळीपाळीने, लपवून घ्यायचा. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की या बायकांना श्वास लागतच नाही. मावशींच्या शेवटच्या अल्बमचं संपादन केझियाने केलं होतं. तांदूळ निवडावा तसे तिने सगळे श्वास वेचून काढले होते. पण काहीही पुसायचं नाही ही तिची सवय. वेचलेले श्वास तिने ‘कोंडा’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून दिले होते, तारीखवार, गाण्यानुसार.

चार दिवसांपूर्वी तिने तो कोंडा साच्याला दिला होता. आज साचा तयार झाला होता.

बाकीच्या तिघी यायच्या होत्या. इवाला सतरंजीवर बसवून केझियाने संगणक उघडला. पडद्यावर मावशींची श्वासनळी झाडाच्या खोडासारखी उभी होती आणि तिच्या दोन बाजूंना दोन फुप्फुसं. उजवं निळं. डावं वर निळं, खाली राखाडी. केझियाला वाटलं चित्र अर्धवट उतरलंय. तिने पुन्हा उघडलं. राखाडी राखाडीच राहिलं. बाजूला आकडे होते: पहिल्या गाण्यात ओळीमागे दोन लिटर हवा, पाचव्यात पावणेदोन, नवव्यात सव्वा. सहा आठवड्यांतले आकडे. खाली चौकटीत एक सूचना होती. साच्याच्या पोटात श्वासकानाचंच गणित होतं, आणि जिवंत माणूस कोणता, गेलेला कोणता हे त्या गणिताला माहीत नव्हतं. सूचना अशी होती: डाव्या फुप्फुसाभोवती पाणी साचत असावे. या व्यक्तीने लवकरात लवकर डॉक्टरांना दाखवावे.

इवा खुळखुळा जमिनीवर आपटत होती. केझियाने तिला उचललं आणि उगाचच घट्ट धरलं.

मावशींचं दुखणं कळलं ते एप्रिलमध्ये. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. डॉक्टर म्हणाले होते, चार-पाच महिने आधी आणलं असतं तर करण्यासारखं पुष्कळ होतं. मे महिन्यात त्या गेल्या. त्यांच्या अल्बमचं रेकॉर्डिंग झालं होतं त्याआधीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात.

तेव्हा केझियाला आठवा महिना होता. बाळंतपणाच्या आत काम उरकायचं एवढंच तिच्या डोक्यात होतं. पहिल्या गाण्यातून तिने बावीस श्वास काढले होते, नवव्यातून सत्तावन्न. हे आकडे साच्याने सांगायची गरज नव्हती, ते तिला तेव्हाही माहीत होते. ओळीच्या मधेच मावशी थांबायच्या, कधी दोनदा, कधी तीनदा. तिने तुकडे असे जोडले की सांधा दिसू नये. अल्बम आल्यावर सगळे म्हणाले होते, या वयात काय दमसास आहे बाईंचा. केझियाला त्याचा अभिमान वाटला होता.

ज्योत्स्नाताई आल्या तेव्हा तिने सगळं दाखवलं. ताईंनी चष्मा लावून सूचना वाचली, चष्मा काढला, परत लावला. मग त्यांनी साच्यात दिलेला दुसरा पर्याय पाहायचा हट्ट धरला. फुप्फुसांची अवस्था: मूळ किंवा निरोगी. ‘निरोगी’ निवडलं की राखाडी भाग निळा व्हायचा. केझियाने निवडलं. मावशींचा आवाज खोलीत उभा राहिला, लांबच लांब ओळ एका दमात घेत, शेवटच्या अक्षरावर तोच त्यांचा खाली उतरणारा हेलकावा. ताईंच्या डोळ्यांना धार लागली. रिबेका आणि लिडिया दारातच थबकल्या.

“हेच घ्यायचं,” ताई म्हणाल्या.

तबिथाला काय सांगायचं, केझियाने विचारलं. तबिथा म्हणजे मावशींची एकुलती एक मुलगी, दक्षिणेत एका मोठ्या इस्पितळात अतिदक्षता विभागात नर्स. आईचा आवाज वापरायला तिची सही लागणार होती, त्यासाठी ती शुक्रवारी येणार होती.

काही सांगायचं नाही, ताईंचं मत पडलं. सांगून मर्सी परत येणार आहे का? तेव्हा हे यंत्र होतं का? नव्हतं. मग तू काय डॉक्टर होतीस? एवढं बोलून त्या जवळ आल्या आणि आवाज खाली घेऊन बोलल्या.

“तुझ्या जिवाला खातंय ते मला दिसतंय गं. पण ते उतरवायला तिचं डोकं कशाला वापरतेस?”

 ताई खोटं बोलत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी इवा जेवून झोपल्यावर तिने नवव्या गाण्याचा कोंडा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. सूर नाहीत, शब्द नाहीत, नुसते श्वास. तीन मिनिटं. आता ऐकताना तिला साच्याची गरजच वाटेना. एकेक श्वास अर्ध्या जिन्यावर अडखळून बसत होता. एक्केचाळिसाव्या आणि बेचाळिसाव्या श्वासाच्या मधे बोलणं होतं. कापताना चुकून सोबत आलेलं.

“हे तेवढं नीट वेचून टाक बाई,” मावशी म्हणत होत्या. “तबिथाला पाठवणारेस ना तू. कार्टी श्वासावरनं माणूस ओळखते.”

मग तिचं स्वतःचं हसणं, जड पोटाचं, धापा टाकणारं. “काळजी नको मावशी. तुमचा श्वास मी देवालासुद्धा सापडू देणार नाही.”

मग दोघींचं हसणं. मग बेचाळिसावा श्वास.

केझियाने ते नऊ सेकंद निवडले. कापायच्या कळीवर तिचं बोट ठेवलेलं होतं. आईने मुलीपासून लपवलं हे मुलीला कशाला कळायला हवं, असं तिने स्वतःला सांगितलं. मग तिच्या लक्षात आलं की वाक्य ठेवलं तर दोष मावशींवर जातोय, आणि कापलं तर तिचं स्वतःचं हसणंही जातंय. दोन्हीकडून फायदा तिचाच होता. इवाने झोपेत कूस बदलली. केझियाने बोट उचललं आणि संगणक बंद केला.

शुक्रवारी दुपारी तबिथा आली ती केळ्याचे वेफर्स घेऊन. आईसारखाच रुंद जबडा, आईसारखीच बसण्याआधी खुर्ची हाताने झटकायची सवय. तिने इवाला मांडीवर घेतलं आणि झबल्यावरच्या बटणाकडे बोट केलं. आमच्याकडे आता प्रत्येक खाटेला आहे, म्हणाली. आईच्या वेळी, आणखी सहा महिने आधी आलं असतं तर.

मग ती बोलत राहिली. प्रवासाने आणि बाळाच्या वासाने माणूस सैल होतं तशी. ती तिकडे होती, आई इकडे. रोज फोन व्हायचा. आई गेल्यावर वॉर्डातल्या मैत्रिणी काही बोलल्या नाहीत, पण तिला त्यांच्या डोळ्यांत दिसायचं: नर्स असून आईचं कळलं नाही.

“तो शेवटचा अल्बम मी दोनशे वेळा तरी ऐकला असेल,” तिने सांगितलं. “गाणं म्हणून नाही. कुठे दम लागलाय का, ते शोधायला. एकही जागा नाही, केझिया. एवढी गाणी, आणि एकही जागा नाही. म्हणजे कुणालाच कळलं नसतं. त्यावरच झोप येते मला.”

ज्योत्स्नाताईंनी केझियाकडे पाहिलं आणि संमतीपत्र पुढे सरकवलं. तबिथाने पेन काढलं. पण कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही न करण्याची नर्सची सवय. दुसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं.

“फुप्फुसांची अवस्था, मूळ किंवा निरोगी. म्हणजे काय? मूळ काय होती?”

“यंत्राचं असतं गं काहीतरी,” ताई पटकन म्हणाल्या. “सगळ्यांच्याच कागदात असतं.”

“नाही ताई,” केझिया म्हणाली.

तिने सगळं सांगितलं. राखाडी भाग, आकडे, बावीस आणि सत्तावन्न, कोंडा. सांगताना ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. ताईंनी इवाला तबिथाच्या मांडीवरून घेतलं आणि बाहेर व्हरांड्यात गेल्या.

“ऐकव,” तबिथा म्हणाली.

तीन मिनिटं ती हलली नाही. सुरुवातीलाच तिची नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली आणि ओठ किंचित हलू लागले. ती मोजत होती. विसाव्या श्वासाच्या सुमारास तिने मोजणं सोडलं आणि हात मांडीवर ठेवले. एक्केचाळीस झाले. आईचा आवाज आला, केझियाचा आला, हसणं आलं. तबिथाने पुढे होऊन ते नऊ सेकंद पुन्हा लावले. आणि आणखी एकदा. मग राहिलेले सोळा श्वासही तिने ऐकले.

“तुला कळलं होतं?”

“दम लागतोय एवढं कळलं होतं.”

“मग?”

“पाणी दिलं.”

“विचारलं नाहीस.”

“नाही.”

बाहेर ताई इवाला कावळा दाखवत होत्या. तबिथाने पेनाचं टोपण लावलं. तिचा आवाज चढला नाही, आणि केझियाला वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं.

“तिने लपवलं हे मला समजतं,” ती म्हणाली. “आई होती ती. माझी सुट्टी वाया जाऊ नये म्हणून स्वतःचं हाड मोडलेलं लपवलं होतं तिने एकदा. पण तुझ्या त्या कोऱ्या अल्बमवर मी वर्ष काढलं. माझ्याकडे तेवढंच होतं.”

संमतीपत्र तिने घडी करून पर्समध्ये टाकलं. सही न करता ती गेली. जाताना तिने व्हरांड्यात इवाच्या डोक्यावरून हात फिरवला, एवढं मात्र केझियाने खिडकीतून पाहिलं.

ताई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन करून इवाच्या सर्दीची चौकशी केली, आणि फोन ठेवताना म्हणाल्या, मी असते तर सांगितलं नसतं. पण आता सांगितलंयस तर सांगितलंयस. केझियाची अपेक्षा होती की सांगून हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. इवाला थोपटताना केझियाचा हात आपोआप तिच्या श्वासांच्या लयीत पडायचा, आणि मग ते तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग कानात सुरू व्हायचं.

नऊ दिवसांनी पाकीट आलं. संमतीपत्रावर सही होती. ‘मूळ’ या शब्दाभोवती पेनाने गोल केलेला होता. खाली तबिथाच्या सुवाच्य, औषधाच्या नोंदीसारख्या अक्षरात लिहिलं होतं: नववं गाणं मूळ रेकॉर्डिंगच्या शेवटच्या दिवशीच्या फुप्फुसांनी गाऊन घ्यावे. एकही श्वास काढू नये. रेकॉर्डिंगच्या वेळी मी फोनवर असेन.

रेकॉर्डिंगच्या सकाळी चौघी अर्धवर्तुळात उभ्या राहिल्या. फोन टेबलावर उताणा ठेवलेला होता, इवा सतरंजीवर लिडियाची ओढणी चघळत होती. साच्याने मावशींचा पहिला श्वास घेतला. इतकी वर्षं लपवायला शिकलेल्या त्या बायकांना आज उघड श्वास घ्यायचा होता, आणि तोही मावशी घेतील तिथेच. पहिल्या दोन प्रयत्नांत जमलं नाही. रिबेका सवयीने लपवायची, ताई पुढे निघून जायच्या. तिसऱ्यांदा लय सापडली. मावशी अडखळल्या की चौघी अडखळत, त्या उचलत तेव्हा चौघी उचलत. मावशींच्या त्या लहानशा हवेत पाच जणी गात होत्या. गाणं सुंदर होत होतं का, हे केझियाला सांगता आलं नसतं. फक्त ते खोटं वाटत नव्हतं.

शेवटची ओळ आली. ‘दार लोटून ठेव बाई, मी वाटेवरच आहे.’ मूळ रेकॉर्डिंगमध्ये मावशींनी ही ओळ तीन तुकड्यांत, प्रत्येक तुकड्यानंतर बसून दम खाऊन, गायली होती आणि केझियाने ती जोडली होती. आज जोडायला कुणी नव्हतं. साच्याने ओळ उचलली, ‘दार लोटून ठेव बाई’पर्यंत नेली, ‘मी’ म्हटलं आणि थांबला. पडद्यावर हवेचा आकडा शून्यावर आला होता. यंत्र बिघडलं नव्हतं. त्या दिवशी त्या शरीरात एवढीच हवा होती.

चौघींची तोंडं अर्धवट उघडी राहिली. इवाने ओढणी सोडून वर पाहिलं.

“आता?” ज्योत्स्नाताईंनी हळूच विचारलं. “ती थांबली तिथं आपणही थांबायचं, का तिची ओळ आपण पुरी करायची?”

रिबेकाने लिडियाकडे पाहिलं, लिडियाने केझियाकडे. संपादन तिचं होतं, निर्णय नेहमी तीच घ्यायची. केझियाने मान हलवली आणि टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. पलीकडे इस्पितळाच्या कॉरिडॉरमधून कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं. 

ती दूर गेल्यावर तबिथाने विचारलं, “हे साच्यातल्या आईला विचारता येतं का?”